सावळदरीच्या चढावर

१९ मार्च १९६३, मंगळवार
सावळदरी तांडा, उमरखेडपासून चौदा मैल

दुपारी अडीचच्या सुमारास गाडी अडकली. बंद पडली म्हणता येत नाही, कारण इंजिन चालू होतं. चढावर दुसरा गिअर काढून पहिला टाकायला गेलो तर क्लचचं पेडल पायाखाली एकदम खाली गेलं, जणू खाली काही नव्हतंच. पायाने उचललं, पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गिअर करकरले, गाडी हिसका देऊन थांबली आणि मागे घसरू लागली. मी हँडब्रेक ओढून धरला आणि विठ्ठलराव साहेबांनी उतरून चाकामागे दगड लावले. ते त्यांचं काम नव्हे, तरी लावले.

चिपळूणला मी सात वर्षं ट्रक चालवला. त्याचा क्लच सळईचा होता. सळई तुटली तर तार बांधून माणूस घर गाठतो. ही गाडी खात्याला परदेशातून मदत म्हणून आलेली, हिचा क्लच तेलावर चालतो. पाय दाबला की वरच्या लहान टाकीतलं तेल नळीतून खाली जातं आणि दट्ट्या ढकलतं. यवतमाळच्या मेस्त्रींनी मला शिकवताना एवढंच सांगितलं होतं, यात हात घालू नको. आज टाकी उघडली तर कोरडी ठणठणीत. खालच्या दट्ट्यातून सगळं तेल गळून गेलेलं. तेलाचा जादा डबा मी जानेवारीत मागितला होता, तो अजून आलेला नाही.

आम्ही निघालोय बोरमाळला. ते इथून आणखी सहा मैल. तिथे देवीची साथ आहे, दोन लेकरं गेल्याचा निरोप कोतवालाने आणला होता. गाडीत बर्फाच्या पेटीत लस आहे. बर्फ फार तर परवापर्यंत टिकेल. टोचणारे साहेब आणि चालक मी, बस.

साहेब दिवसभर जरा चिंतेत आहेत. येत्या रविवारी दारव्ह्याला त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत. "भिकाजी, मला शनिवारपर्यंत घरी पोचवशील ना?" असं त्यांनी सकाळपासून तीनदा विचारलं.

शेवटी साहेबच म्हणाले, "तेल ते तेल. इंजिनाचं घाल." मला शंका होती, पण ते शिकलेले आणि वयाने मोठे. घातलं. पेडलला थोडा जोर आला. चढ संपवून तांड्यापाशी आणली, लिंबाखाली लावली. निदान रस्त्यातून बाजूला झाली.

२० मार्च, बुधवार

सकाळी पेडल वर येईना. दाबलेलं तसंच राहिलं. इंजिन चालू केलं तर नुसतं भिरभिरतं, चाक हलत नाही. काल क्लच दबत नव्हता, आज सुटत नाही. इंजिनाच्या तेलाने आतलं रबर फुगलं असावं. म्हणजे आजचा बिघाड मीच केला. साहेबांनी सांगितलं हे खरं, पण ओतणारा हात माझा होता.

इथले नाईक, तांड्याचे प्रमुख, खेमसिंग म्हणून आहेत. पन्नाशीचा माणूस, बोलणं शांत. त्यांनी साहेबांना बैलगाडी जोडून दिली. साहेब उमरखेडला जाऊन यवतमाळला तार करणार, मेस्त्री आणि नवा बर्फ घेऊन उद्या संध्याकाळपर्यंत परत येणार. जाताना ट्रंक, बिछाना, छत्री सगळं घेऊन गेले. एका दिवसासाठी एवढं ओझं, पण साहेब पहिल्यापासून व्यवस्थित. टोचायची पिशवी आणि लसीची पेटी मात्र सरकारी, ती माझ्या ताब्यात दिली. म्हणाले, "गाडी सोडून हलायचं नाही. आणि पेटीला हात लावायचा नाही."

मी म्हटलं, नाही लावणार.

२१ मार्च, गुरुवार

ऊन फार आहे. आमच्याकडे मार्चमध्ये घाम येतो, इथे अंग नुसतं वाळून जातं. शिमग्याला घरी जायचं होतं, रजा मिळाली नाही. एक तारखेपासून मंजूर आहे. आठ महिन्यांची मुलगी आहे मला, अजून पाहिली नाही. बायकोने पत्रात लिहिलंय, नाक तुमच्यासारखं आहे, तेवढं सोडून सगळं बरं आहे.

पेटी उघडून पाहिली. हात लावायचा नव्हता, पण बर्फ बघायलाच हवा होता. नारळाएवढा गोळा उरलाय.

दुपारी एक बाई आली. बोरमाळहून चालत, कडेवर दीड वर्षाची मुलगी. तिचं नाव बसंतीबाई, खेमसिंगांकडची म्हातारी भुरीबाई तिची मावशी. बोरमाळात बातमी पोचली होती की देवी टोचणारी गाडी सावळदरीत येऊन थांबली आहे, म्हणून ही आली. आल्या आल्या पोरीचा दंड माझ्यापुढे उघडा केला.

"टोच भाऊ."

मी म्हटलं, "मी चालक आहे, बाई. टोचणारे साहेब उमरखेडला गेलेत. संध्याकाळी येतील."

"सुई हाय ना गाडीत?"

"आहे."

"दवा हाय?"

"आहे. पण मला अधिकार नाही."

तिने पोरीचा दंड तसाच उघडा धरून ठेवला. तिला अधिकार हा शब्द कळला नाही असं मला वाटलं. भुरीबाईने तिला त्यांच्या बोलीत काही सांगितलं, मग ती गाडीच्या सावलीत बसली. भुरीबाई मला म्हणाली, "गेल्या इतवारी हिचा मोठा पोरगा गेला. देवी आल्या होत्या. आता हे एकच हाय."

साहेब संध्याकाळी आले नाहीत. बैलगाडी काही कारणाने रखडली असेल.

२२ मार्च, शुक्रवार

सकाळी पेटीत नुसतं पाणी. भुरीबाई म्हणाली, नदीत पाण्यासाठी उकरलेल्या झिऱ्यापाशी ओली वाळू असते, त्यात पुर. तिथे जायचं तर गाडी सोडावी लागते. शेवटी तिनेच मोठं मडकं आणलं, त्यात ओली वाळू भरून लसीच्या नळ्यांचा डबा आत ठेवला आणि वरून ओलं गोणपाट गुंडाळलं. ती दर तासाला येऊन पाणी शिंपडते. मडकं गार लागतं, पण बर्फ तो बर्फ.

बसंतीबाई अजून सावलीतच आहे. सावली फिरते तशी ती फिरते. काही मागत नाही, रडत नाही. पोरगी गाडीच्या मडगार्डवर हात आपटते. रुपी नाव तिचं.

मी दहा हजार वेळा तरी साहेबांना टोचताना पाहिलं असेल. दंड पुसायचा, थेंब ठेवायचा, टोचायची दातेरी फिरकी दाबून फिरवायची. लेकरं मीच धरतो. पण पाहणं वेगळं. उद्या काही झालं, ताप चढला, हात सुजला, तर विचारतील, तू कोण?

साहेब आज नक्की येतील असं धरून बसलो होतो. आले नाहीत.

२३ मार्च, शनिवार

हे लिहावं की नाही ठरवत होतो. पण वही माझी आहे, लॉगबुक नव्हे.

खेमसिंगांचा भाऊ फुलसिंग काल बाजाराला उमरखेडला गेला होता, त्याच्याकडे साहेबांसाठी चिठ्ठी दिली होती. तो आज दहा वाजता परतला, साहेबांची वाट पाहत उमरखेडला थांबलेली बैलगाडीही त्याच्याबरोबर. चिठ्ठी तशीच परत.

"साहेब नाही भेटले?" मी विचारलं.

"ते त बुधवारीच येष्टीत बसून गेले म्हंतात. पुसदच्या गाडीत. ट्रंक टपावर चढवली होती, असं हॉटेलवाल्यानं सांगतलं."

मी विचार केला. यवतमाळची वाट पुसद, दिग्रस, दारव्ह्यावरूनच जाते. म्हणजे तारेवर भरवसा न ठेवता साहेब स्वतःच मेस्त्रीला आणायला गेले. असा माणूस खात्यात दुसरा नाही. पण मग त्यांना यायला आणखी दोन-तीन दिवस लागणार.

फुलसिंगाचं बोलणं बसंतीबाईने ऐकलं होतं. ती उठून माझ्यासमोर आली.

"तुले टोचता येत नाई त मले दे."

"काय देऊ?"

"दवा दे. मी बाभळीच्या काट्यानं टोचते. मायं लेकरू हाय, मले कोणी इचारनार नाई."

तिने काटा आणलाही होता. पदराच्या टोकाला टोचून ठेवला होता. ते पाहिल्यावर माझ्याने राहवलं नाही. मी पिशवी काढली.

तिच्या पोरीला टोचलं. खूण बरोबर उठली. मग भुरीबाईने तांड्यात हाक दिली आणि बायका आणखी दहा लेकरं घेऊन आल्या. खेमसिंगांचा नातू, फुलसिंगाच्या दोन्ही मुली. अकरा लेकरं. सगळ्यांची नावं मी कागदावर उतरवली, साहेब आल्यावर रजिस्टरला चढवतील.

बर्फ संपून एक दिवस उलटून गेला होता. गार वाळूत लस एवढे तास टिकत असेल, नसेल, मला ठाऊक नाही. हे मी कोणाला बोललो नाही. बसंतीबाईने माझ्या पायाला हात लावला तेव्हाही बोललो नाही.

आता लिहिताना एक गोष्ट सारखी पुढे येते. गुरुवारी ती आली तेव्हा नारळाएवढा बर्फ होता.

२४ मार्च, रविवार

आज दारव्ह्याला साहेबांच्या मुलीचा बघण्याचा कार्यक्रम. त्यांना तिथे हजर राहता आलं नसणार, आमच्याच धावपळीत असतील. वाईट वाटतं.

बसंतीबाई मावशीकडेच राहिली आहे. बोरमाळला परत जाऊ नकोस असं भुरीबाईने तिला बजावलंय.

२६ मार्च, मंगळवार, पाडवा

खेमसिंगांच्या घरून पोळी आली. घरी आज गुढी उभारली असेल.

दुपारी एक उकंडा म्हणून माणूस आला. तांड्याखालच्या वस्तीतला. बारा वर्षं नागपूरला मोटारीच्या गॅरेजात काम केलेला, आई थकली म्हणून परत आला. ती वस्ती पाच-सहा वर्षांपूर्वी बौद्ध झाली आहे. मी भेदभाव मानत नाही. माणूस हुशार आहे आणि बोलतोही नेमकं. त्याने आपल्या तांब्यातलं पाणी पुढे केलं, पण मला तहान नव्हती. नंतर खेमसिंगांकडे प्यायलो.

त्याने बॉनेट उघडलं, टाकीत बोट घातलं, वास घेतला.

"याच्यात इंजिन ऑइल कोनं टाकलं?"

"मी."

"रबर खाल्लं त्यानं. या क्लचले ऑइल नाई चालत. त्याचं तेल एरंडीचं रायते, त्याच्यात स्पिरिट मिसळलेलं."

"इथे ते कुठून आणायचं?"

उकंडा खेमसिंगांकडे बघून हसला. खेमसिंग दुसरीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "एरंडेल भुरीबाईपाशी हाय." थोड्या वेळाने, "दुसरं बी भेटन. पन साहेब, तुमी सरकारी मानूस. कोठून आलं ते तुमी इचारू नका."

दारूबंदी आहे. मी विचारलं नाही. एक बाटली आली, मोहाची, पहिल्या धारेची. वासानेच डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली होतो. उकंडाने खालचा दट्ट्या खोलला. आतल्या रबराच्या वाट्या फुगून गच्च बसल्या होत्या, त्या काढताना फाटल्या. नळी, टाकी, सगळं मोहाच्या दारूने धुतलं. मग त्याने मोटारीच्या ट्यूबचा जाड तुकडा घेतला आणि वस्तऱ्याने नवी वाटी कापायला बसला. एक बिघडली, दुसरी बिघडली. तिसरी बसली. दोन भाग एरंडेल, एक भाग दारू.

"उद्याचा दिवस रबर तेलात भिजू द्या," तो म्हणाला. "परवा पाहू. घाई केली त वाटी पलटी खाईन."

बरेच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२७ मार्च, बुधवार

सकाळी तोंड धुत होतो तेव्हा बसंतीबाई आली. हसत होती. मी तिला हसताना आज पहिल्यांदा पाहिलं. रुपीचा दंड पुढे करून म्हणाली, "पाह्य भाऊ. तुह्या हाताची सुई. फोड नाई, गाठ नाई, तापबी नाई आला. सरकारी मानूस टोचते त लेकरू आठ दिवस रडते म्हंतात. तुह्या हाताले गुन हाय."

मी दंड हातात घेतला. पुसट खूण होती, तीही मावळत आलेली. आज पाचवा दिवस. लस लागली असती तर आतापर्यंत लाल गाठ यायला हवी होती.

मी विचारलं, "बाकीच्यांचं?"

"समद्यांचं असंच. बायका तुहंच नाव घेऊन राह्यल्या."

तांड्यात जाऊन एकेक दंड बघितला. अकराच्या अकरा साफ. लस मेलेली होती.

उमरखेडच्या दवाखान्यात ताजी लस असेल, ती आणायची आणि मग तिला सांगायचं, असं मनाशी ठरवलं. उकंडाला म्हटलं, आत्ता निघायचं. तो म्हणाला, रबर भिजलं नाही. मी ऐकलं नाही. त्याने पेडल मारून हवा काढली, मी खाली बोल्ट सैल केला, घट्ट केला, असं वीस वेळा. पेडलला जोर आला. गाडी चालली. लेकरं मागे धावत आली, बायका उभ्या राहून बघत होत्या.

चार मैल. खालच्या नाल्यात गाडी उतरवली, पलीकडे चढ म्हणून पहिला टाकायला पाय दाबला आणि पेडल पुन्हा तसंच खाली गेलं. उकंडा उतरून खाली वाकून पाहून आला. मान हलवली. वाटी पलटली होती.

नाल्याच्या मधोमध आहोत. आजूबाजूला पळस फुललेला, माणूस नाही. मला रडू आलं. उकंडा झाडाकडे तोंड करून विडी ओढत बसला, माझं होईपर्यंत.

मग म्हणाला, "चिठ्ठी लिवून द्या. मी जातो. दहा मैल हाय, दिवस बुडायच्या आत पोचतो."

मी स्वतः जाऊ शकलो असतो. पण सरकारी गाडी नाल्यात सोडून चालक गेला तर संपलंच. लिहून दिलं. जाण्याआधी त्याने वाळूत झिरा उकरून दिला आणि आपला तांब्या माझ्यापाशी ठेवला. त्यातून पाणी प्यायलो.

२८ मार्च, गुरुवार

कोणी नाही. दोन गुराखी येऊन गेले. गाडीला दारूचा वास येतो म्हणून हसत होते.

पेडल पन्नास वेळा दाबून पाहिलं. का पाहिलं माहीत नाही.

२९ मार्च, शुक्रवार

दुपारी जीप आली. साहेबांनी माझी आठवण ठेवली, हे मनात आलं आणि हायसं वाटलं. जीपमध्ये मोठे डॉक्टर होते, एक कंपाउंडर आणि लखीराम म्हणून नवा टोचणारा. नवी पेटी, नवा बर्फ. विठ्ठलराव साहेब नव्हते. डॉक्टर म्हणाले, परवा संध्याकाळी कोणीतरी माणूस चिठ्ठी घेऊन दवाखान्यात आला. आत घेत नव्हते, तर रात्रभर फाटकाबाहेर बसला, सकाळीही हलेना. "कोण तो?" त्यांनी विचारलं. मी उकंडाचं नाव सांगितलं. पण साहेबांची तार आधी पोचली असणार, म्हणूनच एवढी तयारी होती. चिठ्ठीने फक्त जागा कळली असेल.

डॉक्टरांनी गाडीचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. मग मला एक कागद दिला. यवतमाळच्या कचेरीचा. त्यात लिहिलंय की चालकाने वरिष्ठांनी मनाई केली असतानाही क्लचमध्ये अयोग्य तेल घालून वाहन निकामी केलं, आणि लस चालकाच्या ताब्यात असताना नाश पावली. खाली लिहिलंय, विठ्ठलराव यांच्या अहवालावरून. साहेबांनी असं लिहिलं असणार नाही. कारकुनाने उतरवताना गोंधळ केलेला दिसतो. भेट झाली की ते स्वतःच खुलासा करतील.

लखीरामने यादी काढली. "सावळदरीत किती टोचायचे आहेत?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. कागदावर अकरा नावं माझ्या खिशात होती, ती कोणाला माहीत नव्हती. पण तांड्यात गेल्यावर बायका म्हणाल्या असत्या, आमच्या लेकरांना टोचलंय, दंडावर खूण आहे, आणि लखीराम पुढे बोरमाळला गेला असता.

मी कागद काढून दिला. म्हटलं, "ही मी टोचली. बर्फ संपल्यावर. एकही लागलेली नाही."

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. "तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय?"

"हो."

"मग हे मला लिहून घ्यावं लागेल."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. कंपाउंडरला गाडीपाशी ठेवून आम्ही तांड्यावर गेलो, लेकरं ओळखायला मी बरोबर.

बसंतीबाई धावत आली. तिला वाटलं मी गाडी घेऊन आलो. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, माझी सुई लागली नव्हती, औषध मेलेलं होतं, आता हे पुन्हा टोचतील.

"मेलेलं म्हंजे?"

"बर्फ संपला होता. उन्हाने गेलं."

"तुले तवा ठाऊक होतं?"

"शंका होती."

ती रुपीला घेऊन रांगेत जाऊन उभी राहिली, सगळ्यांच्या मागे. तिची पाळी आली तेव्हा लखीरामने दंड धरला आणि थांबला. हात कपाळावर ठेवला. मग डॉक्टरांना बोलावलं. पोरगी तापली होती.

डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट पाहिलं. टोचायला सांगितलं. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "उशीर झालाय. आठवडाभर आधी टोचली असती तर काही सांगता आलं असतं."

आठवडाभर आधी म्हणजे गुरुवार-शुक्रवार.

लखीराम पेटी घेऊन बैलगाडीने बोरमाळला गेला. आम्ही परत येताना वाटेत उकंडा दिसला. उमरखेडहून चालतच येत होता. तिकडून निघताना जीपमध्ये जागा होती, पण त्याला कोणी बसवलं नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, हाच तो माणूस. जीप थांबली नाही, धूळ त्याच्या अंगावर गेली. मी मागे हात केला. त्यानेही केला.

३ एप्रिल, बुधवार
यवतमाळ

गाडी दोरीने ओढून आणली. मला निलंबित केलंय. गाडीत दारूचा वास, हाही एक मुद्दा वाढवलाय. दारू क्लचमध्ये घातली असं सांगितलं तर चौकशीचे साहेब हसले. मेस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांनी दट्ट्या खोलून कापलेली वाटी बघितली आणि म्हणाले, "हे ज्याने कापलं तो कारागीर आहे. रबर कच्चं होतं, नाहीतर पोचला असतास." ते त्यांनी लेखी द्यावं असं मी म्हटलं. ते म्हणाले, बघू.

कचेरीत विठ्ठलराव साहेब भेटले. घाईत होते. मुलीचं जमलं म्हणाले, पेढा दिला. खुलाशाचं विचारणार होतो, पण त्यांच्या आनंदाच्या दिवशी ते बरं दिसलं नसतं.

रजा रद्द. मुख्यालय सोडायला परवानगी नाही. घरी पत्र टाकलं. कामामुळे येता येत नाही एवढंच लिहिलं.

१५ एप्रिल, सोमवार

सावळदरीहून कार्ड आलं. मी गेल्या आठवड्यात खेमसिंगांना लिहिलं होतं, उत्तर उकंडाने लिहिलंय, पेन्सिलने. तसंच उतरवून ठेवतो.

"भिकाजीभाऊ, रामराम नाही, जयभीम. तांड्यातले दहाही लेकरं चांगले आहेत, सगळ्यांचे दंड उठले. बसंतीबाईच्या रुपीले देवी आल्या. लई आल्या. दहा-बारा दिवस पोरगी हातची गेली असंच वाटलं. वाचली. डावा डोळा गेला. बसंतीबाई म्हणते का भावाले लिव्ह, तुह्या सुईनं जीव राह्यला, दुसऱ्यानं नाई. पयली सुई लागली होती म्हणूनच पोरगी जगली, असं ती समद्यांले सांगते. मी समजावून पाह्यलं, ती आयकत नाही. बोरमाळात आणखी चार गेले. गाडी सुधरली का? कळवजा. उकंडा."

उद्या चौकशी. बाहेर बाकावर बसून कार्ड वाचत होतो तेव्हा कचेरीचे कारकून येऊन उभे राहिले, त्यांनीही वाचलं. चांगला माणूस आहे. म्हणाले, "अरे, हे कागदांना जोड. तुझ्या सुईने पोरगी वाचली असं आईच सांगतेय. साहेब लोकांवर परिणाम होतो अशा गोष्टींचा. नोकरी राहील तुझी."

मी कार्ड परत मागून घेतलं. तिला जे मानायचं ते तिने मानावं. मी ते चौकशीच्या साहेबांपुढे ठेवणार नाही.